हे माझं नाही

शास्त्रज्ञावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आधीच सरसावून बसला असाल. पांढरे पिंजारलेले केस, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, निळा धूर आणि शेवटी धडाम्. तर आधीच सांगून टाकतो, धडाम् वगैरे काही नाही. या आख्ख्या लेखात काहीही फुटत नाही. एक बीकर फुटला होता, पण तो माझ्या हातून आणि रिकामा, म्हणून तो मी घेतलेलाच नाही. केस म्हणाल तर सरांच्या डोक्याला रोज तेल, आणि भांग असा की पट्टी लावून पाडलाय. मोजे जोडीचे. विसरभोळेपणा म्हणाल तर आमच्याच छत्र्या कुठंकुठं राहिल्यात ते त्यांना पाठ असायचं.

आणि नाव? नाव मी सांगणार नाही. लपवतोय असं नाही हो, सांगून उपयोगच नाही. पौडच्या एसटीत उभं राहून ते नाव मोठ्यानं घेतलं तर निम्मी गाडी वळून बघेल, आणि कंडक्टर म्हणेल, "बोला, मीच त्यो." इतकं साधं नाव. आडनाव त्याहून साधं. पुढं सगळा घोटाळा झाला तो या नावापायीच झाला. म्हणून नुसतं सर म्हणू.

मी पौडचा. शाळा झेडपीची, कॉलेज मिळालं ते, आणि एमएस्सी केमिस्ट्री कशी झालो ते मला आणि पेपर तपासणाऱ्यालाच माहीत. त्या वेळी माझे धंदे दोन. आठवडाभर सरांच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट, आणि लग्नसराईत माईकवर. माईकवर का, तर मला कुणाचाही आवाज काढता येतो. हेडमास्तर, सरपंच, भुकूमच्या चौकातला भेळवाला, भेळवाल्याचा स्टोव्ह, सगळे.

सरांचा आवाज मला पहिल्या आठवड्यातच सापडला. सर प्रत्येक वाक्याला "असं आहे बघ" अशी सुरुवात करायचे, मग एक खाकरणं, मग थांबणं. त्या थांबण्यात माणूस चहा पिऊन यायचा. एकदा दुपारी मी लॅबमध्ये प्रतीक्षापुढं सर करून दाखवत होतो. प्रतीक्षा म्हणजे सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, घोटावड्याची, कमी बोलणारी, कामाला वाघीण.

"असं आहे बघ, अं-हं, घाई असेल तर फिजिक्सला जा. तिकडं सगळं प्रकाशाच्या वेगानं चालतं."

प्रतीक्षा हसता हसता एकदम हसायची थांबली. मी ओळखलं. मागं दारात सर उभे.

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "असं आहे बघ. 'घाई असेल तर' याच्यानंतर मी खाकरतो. तू आधी खाकरलास. परत कर."

मी परत केलं. या वेळी खाकरलो जागच्या जागी.

"हं. आता बरोबर. दुसऱ्याला जसाच्या तसा करता आला तरच तो प्रयोग. नाहीतर नुसती बातमी."

त्या दिवसापासून त्यांनी मला उत्प्रेरक म्हणायला सुरुवात केली. "हा भांड्यात पडला की बाकी सगळे उकळायला लागतात. याला स्वतःला काही होत नाही."

सरांचं नाक हा वेगळा विषय आहे. केमिस्ट्रीत बाटलीला नाक लावायचं नसतं. बाटली लांब धरायची आणि हातानं हवा हळूच नाकाकडं ओढायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. आपण ते लॅबपुरतं करतो. सर जगभर करायचे. भेळेच्या कागदावर, एसटीच्या सीटवर, माझ्या डब्यावर. "भाजीत काल रात्रीचा कांदा आहे. खा, पण प्रेमानं खाऊ नकोस." एकदा त्यांच्या घरमालकांकडं, भुकूमच्या आण्णांकडं, बारसं होतं. सर पाळण्यापाशी गेले, वाकले आणि बाळावरून हात फिरवत हवा नाकाकडं ओढली. दोनदा. मी मान खाली घातली. पण बाळाची आजी गहिवरली. म्हणाली, "बगा, आजकाल कोन करतंय असं? मास्तरांनी कशी मनापासनं आलाबला घेतली!" सर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दूध, तूप आणि थोडं हिंग. उत्तम मिश्रण आहे."

दुसरा घोळ उताऱ्याचा. सरांचे वडील साखर कारखान्यात होते, त्यामुळं प्रयोगातून किती माल हाती आला याला सर कारखान्यातल्यासारखं उतारा म्हणायचे. आता आमच्या मुळशीत उतारा म्हणजे एकच, सातबाराचा. एकदा चहाच्या टपरीवर सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "उतारा चांगला आलाय. एकदम स्वच्छ. आता फक्त पाणी काढायचं राहिलंय."

शेजारी एक प्लॉटवाला एजंट उभा होता. त्याचा कप ओठापाशीच थांबला. "सर, कुटं घेतली? रोडटच हाय का? पानी काडायचं म्हंजी बोअरचं काम आपला मेव्हणाच करतो."

सर जितकं नाही म्हणत गेले तितका त्याचा विश्वास वाढत गेला. स्वच्छ उताऱ्याची जमीन माणूस कधी कबूल करतो का? दोन दिवस तो सरांच्या मागं. शेवटी सर त्याला लॅबमध्येच घेऊन आले आणि काचेच्या फ्लास्कच्या बुडाशी चिमूटभर पांढरी पूड होती ती दाखवली. "हा उतारा."

एजंट बराच वेळ वाकून बघत राहिला. "येवढाच?"

"एवढाच."

"किती दिवस लागलं?"

"चार महिने."

एजंट सरळ उभा राहिला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सर, राग मानू नका. पर भूगावला येक गुंठा बगून देऊ का? तुमचं वय झालंय."

ती चिमूट म्हणजे सरांचं आयुष्य होतं खरं तर. ताम्हिणीकडच्या रानात एक झाड असतं, त्याच्या सालीत एक कडूजहर द्रव्य असतं. लोक साल काढून नेतात आणि झाड मरतं. झाड न सोलता तेच द्रव्य बाटलीत बनवायचं, हा सरांचा ध्यास. एक पायरी चढली की सर ती दुसऱ्याकडून करून घ्यायचे, मग तिसऱ्याकडून. तिघांचा उतारा जुळला तरच पेपर. त्यामुळं पेपर निघायचा वर्षाला एखादा, कधी तोही नाही. प्रतीक्षाकडं शेवटच्या पायऱ्या होत्या.

आणि अशा वेळी आमच्या कॉलेजात टीव्ही आला.

नवीन डायरेक्टर आले होते, त्यांनी तो दारातच लावला, एसटी स्टँडच्या बोर्डासारखा. त्यावर सगळ्या प्राध्यापकांची नावं आणि पुढं सायटेशनचा आकडा, वरून खाली. सर तळाला. त्यांच्या खाली फक्त बॉटनीचे एक सर होते, पण ते वारले होते. वर्षभरात तेही आमच्या सरांच्या वर गेले.

मला सायटेशन म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. सरांनी समजावलं, "आपण काही काम करतो. दुसरा कुणी ते वापरून पुढचं काम करतो. तेव्हा तो त्याच्या पेपरच्या शेवटी आपलं नाव घेतो. यांच्यामुळं आमचं अडलं नाही, असं. जितक्यांनी घेतलं तितका आकडा."

"म्हणजे लग्नातल्या माईकसारखं."

"ते काय?"

मग मी त्यांना माझा दुसरा धंदा समजावला. आमच्याकडं मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास माईकवर नुसती नावं घ्यायची असतात. आजी-माजी सरपंच, चेअरमन, उद्योजक, मामाच्या गावचे पाहुणे. मुहूर्त टळला तर चालतो, नाव टळलं तर बोलणं बंद. आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं येऊन टॉवेल-टोपी घ्यायची.

सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. "सापडलं. तू मला माझं शास्त्र समजावलंस, उत्प्रेरका."

ते त्यांनी लगेच वापरलं पण. आमचे विभागप्रमुख एके दिवशी खुर्ची ओढून सरांच्या जवळ बसले. गोड माणूस, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. "सर, आपण एकमेकांना धरून राहू. तुम्ही पुढच्या पेपरात आमची चार नावं घ्या, आम्ही तुमची चार घेतो. कुणाचं काही जात नाही."

"म्हणजे टॉवेल-टोपी," सर म्हणाले.

"अं?"

"असं आहे बघा. तुम्ही मला लग्नात टॉवेल-टोपी घालता, पुढच्या महिन्यात मी तीच तुम्हाला घालतो. टोपी गावभर फिरते. पण त्या टॉवेलानं कुणी कधी अंग पुसलंय का?"

विभागप्रमुखांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्याचं सोडा, सर स्वतःचंही नाव घ्यायचे नाहीत. प्रतीक्षानं पेपर लिहून आणला की शेवटच्या यादीतून सर आपली नावं पेन्सिलीनं उडवायचे. ती म्हणायची, "पण सर, मी वापरलीय ना ही पद्धत?" सर म्हणायचे, "वापरलीस ते तुला माहीत, मला माहीत. बास की." ती दात आवळून यादी घेऊन जायची.

नावावरून आठवलं. आण्णांच्या पुतण्याचं लग्न कासारसाईच्या बाजूला एका लॉन्सवर होतं. माईक माझ्याकडं. आण्णांनी मला कानात सांगितलेलं, "आपल्या सरांचं नाव दणक्यात घे. मानूस भाडं येळंवर देतो." मी पण घसा साफ केला आणि सोडलं, "ज्यांच्या संशोधनाची दखल सातासमुद्रापार घेतली गेली, असे थोर केमिकल शास्त्रज्ञ..." आणि मग सरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तिसऱ्या रांगेतून एक पांढरेशुभ्र, भरदार गृहस्थ उठले. कुठल्या तरी दूध डेअरीचे माजी चेअरमन. नाव तेच, वडिलांचं तेच, आडनाव तेच. चालत आले, हात जोडले, टॉवेल-टोपी-नारळ घेतला, फोटोसाठी थांबले आणि मंडपाला हात हलवून खाली उतरले. आण्णा माझ्या अंगावर ओरडले, "आरं ह्यो न्हवं!" आणि मी बघतोय तर सर मागच्या रांगेत उभं राहून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतायत.

जेवताना मी म्हटलं, "सर, परत घेतो तुमचं नाव. चूक झाली."

"राहू दे. टोपी त्यांना बसली. मला मोठी झाली असती."

"अहो पण मान तुमचा होता."

"माझं दुसऱ्याकडं गेलं, काय बिघडलं?" सरांनी बुंदीवर हात हलवून हवा ओढली. "उलटं झालं असतं तर पंचाईत."

मला तो विनोद वाटला. मी हसलो आणि जिलबी घेतली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात डायरेक्टरांची नोटीस लागली. बाहेरून समिती येणार. ज्या लॅबचा आउटपुट आणि इम्पॅक्ट कमी, ती जागा लेक्चरं रेकॉर्ड करायच्या स्टुडिओला जाणार. टीव्हीवर बघून कोणती लॅब जाणार ते झाडूवाल्या मावशींनाही कळत होतं.

सरांना निवृत्तीला थोडंच राहिलं होतं, त्यांचं फार अडलं नसतं. अडणार होतं प्रतीक्षाचं. तिसरं वर्ष चालू, शेवटच्या पायऱ्या हातात, आणि त्या विषयाचं आमच्याकडं दुसरं कुणी नाही. लॅब गेली तर नवीन विषय, नवीन गाइड, पहिलीपासून. तिचे वडील पिरंगुटच्या कंपनीत शिफ्टला जायचे. घरी स्थळं येत होती आणि वडील प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी डॉक्टर होतीया. येक वरीस थांबा." पहिलीपासून म्हटल्यावर ते आणखी कुणाला आणि काय सांगणार?

नोटिशीनंतर प्रतीक्षा डबाही हूडसमोर उभी राहून खायला लागली. हूड म्हणजे काचेचं मोठं कपाट, वरनं धूर ओढून घेणारं. आम्ही त्याला धुराडं म्हणायचो.

आणि एका सकाळी आम्ही कॉलेजात शिरलो तर टीव्हीवर सर दुसऱ्या नंबरला.

मी तीनदा वाचलं. रातोरात आकडा कुठल्या कुठं गेलेला. विभागप्रमुख शाल घेऊन धावत आले. डायरेक्टरांनी जिन्यात थांबून हात मिळवला, म्हणाले, "सर, छुपे रुस्तम निघालात!" कँटीनमध्ये प्रतीक्षानं एकामागून एक दोन वडापाव खाल्ले आणि तिसरा सांगताना स्वतःशीच हसली. नोटिशीनंतर ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "दार लाव."

कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाची यादी उघडी होती. वरपासून खालपर्यंत पेपरच पेपर.

"असं आहे बघ. मी शेळीवर कधी काम केलंय?"

"नाही सर."

"कोंबडीवर?"

"जेवणात फक्त."

सर हसले नाहीत. यादीत शेळ्यांचे जंत होते, करडांची वाढ होती, कोंबड्यांचे कसले कसले ताप होते. कुठंतरी एक जनावरांचे डॉक्टर होते, नाव आणि आद्याक्षरं हुबेहूब सरांची. ज्या वेबसाइटवरून आमचा टीव्ही आकडे घ्यायचा, तिच्या मशीननं दोघांना एक समजून त्याचं सगळं काम सरांच्या नावावर टाकलं होतं.

मी म्हटलं, "सर, मशीनची चूक आहे. आपण कुठं काही केलंय?"

सर चहा पीत वाचत होते. सगळं वाचलं त्यांनी, जंतांसकट. "माणूस नीट काम करतो रे. तीन-तीनदा करून बघितलंय यानं." आणि पेपरवरचा नंबर बघून सरळ फोन लावला. सरांचा फोन कायम स्पीकरवर, कारण कानाला धरला की त्यांना तो गरम लागायचा.

"हॅलो, मी अमुक अमुक बोलतोय."

पलीकडून वऱ्हाडी आवाज. "कोन?"

सरांनी परत नाव सांगितलं.

"अहो, ते तर मी हाव!"

"मीही."

मग थोडा वेळ दोघं एकमेकांना आपलंच नाव सांगत राहिले. तो आवाज मला अजून येतो, पण तो एकट्यानं काढता येत नाही. शेवटी उलगडा झाल्यावर पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. कंत्राटी नोकरीत होता, वय तरुण. त्याचं पान त्या वेबसाइटवर रिकामं दिसत होतं. सकाळपासून तिकडं मेल करून थकला, कुणी उत्तर देत नव्हतं. आणि येत्या शुक्रवारी त्याची कायम नोकरीची मुलाखत. "सर, माझ्या नावापुढं भोपळा दिसून राहिला ना! काय दाखवू मी त्यायले?"

"काळजी करू नका," सर म्हणाले. "तुमच्या शेळ्या माझ्या गोठ्यात आल्यात. सगळ्या सुखरूप आहेत. पाठवतो."

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. मी कितीही टवाळ असलो तरी असल्या वेळी डोकं चालतं. "सर, आपली समिती बुधवारी. त्यांची मुलाखत शुक्रवारी. बुधवार जाऊ दे, गुरुवारी काढू. सगळ्यांचं भलं."

सर खरंच विचारात पडले. मला दिसत होतं. खिडकीतून पलीकडं लॅबमध्ये प्रतीक्षा धुराड्यासमोर काहीतरी गुणगुणत होती.

"बदल दिसायला काही दिवस लागतात असं लिहिलंय इथं. गुरुवारी काढलं तर त्याचं शुक्रवारी रिकामंच राहील."

मी बोटांवर परत वार मोजले.

"आणि समितीनं शेळ्यांबद्दल काही विचारलं तर?"

"ते नाही विचारणार सर. ते नुसता आकडा बघतात."

सर खाकरले. "तेच तर."

मग मी माऊस धरला आणि सर शेजारी बसले. एकेका पेपरापुढं एक बटण होतं, हे माझं नाही. देवळाबाहेर चपला ओळखतात तसे सर एकेकाकडं बघायचे आणि म्हणायचे, "हे माझं नाही." मी दाबायचो. "हे माझं नाही." दाबायचो. ऊन खिडकीतून सरकून टेबलावर आलं तरी चाललंच होतं. मधेच एका पेपरावर सर थांबले. जुना, त्यांच्या तरुणपणीचा, त्या सालीवरचा पहिला. "हे," सर म्हणाले, आणि परत थांबले, "हे माझं आहे." असं म्हणाले की जणू पंक्तीत दुसऱ्यांदा वाढून घेतायत.

उठताना मी विचारलं, "प्रतीक्षाला सांगायचं?"

"नको. तिचं हात बसलेलं काम चाललंय. उगाच मन ढवळू नकोस."

सोमवारी सकाळी सर परत तळाला. वारलेल्या सरांच्या खाली. प्रतीक्षा टीव्हीसमोर उभी राहिली, बघितलं आणि लॅबमध्ये गेली. केबिनच्या दारात थांबून तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही काढलंत?" सर म्हणाले, "हो. ते माझं नव्हतं." ती वळली आणि त्यानंतर तिनं सरांशी बोलणं बंद केलं. माझ्याशी पण. विभागप्रमुखांनी शाल परत मागितली नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

बुधवारी समिती आली. टाय लावलेले तिघं. मी कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून. अध्यक्षांनी कागद वर-खाली केला. "सर, आउटपुट फारच कमी आहे."

"हो. उतारा कमी आहे," सर म्हणाले. "स्वच्छ आहे पण."

त्यांना ते कळलं नाही. सरांनी वाद घातला नाही. फक्त एक मागणं मागितलं, तेही उभं राहून, शाळेतल्यासारखं. "माझी केबिन घ्या. खोली घ्या. एक धुराडं आणि त्याच्यापुढचा ओटा तेवढा राहू द्या. पोरीचं काम होईपर्यंत." तिघांनी एकमेकांकडं बघितलं. जुन्या स्टोअररूममध्ये तेवढं बसवून देऊ म्हणाले. एका वर्षापुरतं.

परवा मी त्या बाजूला गेलो होतो. आता मी पिरंगुटला एका कंपनीत आहे, क्वालिटीला. सर निवृत्त होऊन मुलीकडं नाशिकला गेले. लॅबच्या जागी स्टुडिओ झालाय, हिरवा पडदा आणि एक स्टूल. मी आत जाऊन हातानं हवा ओढून बघितली. नव्या प्लायवूडचा वास आला, बाकी काही नाही. कंपनीत पोरं म्हणतात, कुणाचा तरी आवाज काढ. मी सर काढतो, "असं आहे बघ" पासून, खाकरणं अगदी जागच्या जागी. पोरं तोंडाकडं बघतात. मूळ माणूस कुणी बघितलेलाच नाही, मग नक्कल बरोबर आली हे सांगणार कोण? मग मी भेळवाला काढतो आणि सगळे हसतात.

सामान हलवायचा दिवस तेवढा सांगतो.

समितीनंतरचा मंगळवार होता. आम्ही तिघं बाटल्या खोक्यांत भरून स्टोअररूमकडं नेत होतो. प्रतीक्षा अजून अबोल. सरांचा फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मीच बटण दाबलं. स्पीकर चालूच.

"सर! मी तुम्हीच बोलून राहिलो!" वऱ्हाडी आवाज नुसता उसळत होता. "झालं सर! शुक्रवारी मुलाखत झाली, आज ऑर्डर आली! आकडे वेळेवर दिसले म्हणून, नाहीतर गेलोच होतो. आई म्हणते त्यायले जेवाले बोलाव."

सर म्हणाले, "वा वा. शेळ्या पोचल्या म्हणायच्या." फोन बंद झाला.

प्रतीक्षानं हातातलं खोकं खाली ठेवलं. चिडली की तिची कॉलेजातली भाषा उतरायची आणि घोटावड्याची चढायची.

"सर, ह्यो कोन मानूस?"

सरांनी सांगितलं. मुलाखत, भोपळा, शुक्रवार.

"म्हंजी त्याची नोकरी अडकली हुती. म्हनून काडलं."

"हो."

"आन् ह्ये मला आज कळतंय? मी इतकं दिस काय समजत हुते? सरांना सोताचं नाव धुवायची घाई, मग मी मरंना का! घरी आईला तुमच्याबद्दल नाय नाय ते बोलले मी. का न्हाई सांगितलं?"

"असं आहे बघ, तुझं मन..."

"माजं मन माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. काम कुनाचं हाय ह्ये?"

"तुझं."

"लॅब गेली आसती तर घरी कोन बसलं आसतं?"

"तू."

"मग मला इचारायचं का ह्याला?" बोट माझ्याकडं.

मी म्हटलं, "अगं प्रतीक्षा, तसं नव्हतं..."

"तू गप. तुजं मी नंतर बगते."

सर बारीक आवाजात म्हणाले, "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"ह्येच म्हणले आसते! काडा म्हणले आसते! शेळ्या ठिवून घ्या म्हणले आसते का मी? तुमाला काय वाटलं, खरं वागायचं फकस्त तुमालाच कळतंय?" तिचा आवाज फाटला. "पर इचारायचं!"

सरांनी मान खाली घातली. भांग अगदी सरळ दिसत होता. "चुकलो बाई."

"चुकला न्हाई तुमी, त्येच तर डोस्क्यात जातंय! बरुबर वागतानाबी मान्साला इचारावं लागतं, सर."

तिनं ओढणीनं नाक पुसलं, वाकून ते खोकं उचललं आणि सरांच्या हातात दिलं.

"धरा. वरनं न्हाई, खालनं धरा. बूड सुटतंय त्याचं, दिसंना का तुमाला? आन् उबं काय ऱ्हायलाय दोघं? चला पुढं."